डेल्फीला विचारलेला प्रश्न

अथेन्समध्ये नाटक बघताना मागच्या बाकावरून ऐकू आलेलं ते बोलणं अजून कानात घुमतं.

“काय हा माज राजाचा! देवाचा कौल मिळूनही ऐकत नाही म्हणजे काय!”

“हळू दाजी, लोक बघतायत.”

“बघू देत. मी डेल्फीच्या देवळात कौल घेऊनच आमच्या लिकोनला जहाजावर धाडला.”

“दोन हिवाळे गेले, भाच्याचा निरोप नाही. ताई रोज बंदरावर येणाऱ्या शिडांकडे बघत बसते.”

“नशीब त्याचं.”

“देव नक्की ‘पाठव’ म्हणाला होता ना?”

“नाटक बघ गुपचूप.”

“दाजी, तुम्ही विचारलं काय होतं?”

समोर रंगमंचावर राजा मुलाच्या प्रेतापाशी बसला.

“कोणत्या देवाला बैल दिला तर प्रवास सुखाचा होईल, एवढंच विचारलं. पाठवू का, असं विचारलंच नाही रे. नको म्हणाला असता तर?”