बिस्किट का बदामी

माझा जनम दर्याकाठचा, बाप होडीवर, आई बोंबील सुकवायची, लगीन होऊन मी पाम गावात आली आणि तवापासून बोईसरच्या बाजारात मासळी विकते. घराला आमी चुना मारायचो, त्यात जरा नीळ टाकायची, झालं. पण यंदा काय सांगू तुमाला, एका खोलीनं माझा जीव खाल्ला.

पोरगी आमची एकच, रेश्मा. तिनं बेटेगावच्या पोराशी लगीन केलं, कंपनीत हाय, हिंदी बोलणारा, चांगला हाय हो, पण तिच्या बापाला पटलं नाय. तवापासून बोलणं बंद. तिचा फोन आला की हे उठून ओट्यावर जायचे. आता तिला दिवस गेले, मी बोलली, पहिलं बाळंतपण हाय, मी तिला आणणार. दुसऱ्या दिवशी हे आपणच बोलले, आतल्या खोलीला रंग मारायला पायजे. मला बरं वाटलं, पुढचं कुठं माहीत होतं.

उमरोळीचा रंगारी रंगांचं कार्ड घेऊन आला. हे बोलले बिस्किट रंग. त्यानं भिंतीवर पट्टा मारला, तर संध्याकाळी बोलले, पिवळट दिसतो, बदामी मार. मारला, तर मळकट दिसतो. मग त्या दोघांच्या मधला, मग त्याच्याहून फिका. मी बोलली, अवो, चहात दूध कमी-जास्त, याच्यापलीकडं मला काय दिसत नाय. रोज सकाळी हे भिंतीसमोर उभे, दुपारी पण उभे. रंगारी कंटाळला, बोलला, काकी, काकांचं ठरलं की फोन करा, आणि गेला. इकडं पोरीचे दिवस भरत आले, पोटुशी बाईला ओल्या रंगाचा वास सोसत नाय, कधी रंगवायचं, कधी सुकायचं.

शेवटी मी भडकली. बोलली, पोरगी यायला नको असंल तर तोंडानं बोला, त्या भिंतीला कशाला पुढं करता. हे हळूच बोलले, तिला रंग आवडला नाय आणि ती परत गेली तर.

मी पोरीला फोन लावला, यांच्या हातात दिला, बोलली तुमीच इचारा. फोन कानाला धरून हे त्या भिंतीसमोर जाऊन उभे राहिले. मग बोलले, रेश्मा, बिस्किट का बदामी. ती रडत बोलली, बाबा, कुठला पण मारा, मी येते.

बदामी मारला, वास गेल्यावर तिला आणली. नातू झाला, जावई रविवारी येतो, हे त्याच्याशी मोडकंतोडकं हिंदी बोलतात. आता नाव ठेवायचंय, तर हे एक बोलतात, रेश्मा दुसरं. मी बाजारातून दमून येते तर दोघांची कचकच चालूच, कान किटले माझे. पण मी मधी पडत नाय. भांडू दे. देवानं पोराला सुखात ठेवावं, आणि या दोघांना असंच बोलतं ठेवावं.