काटा खोटं बोलत नाय

…नाय, पण सहा हजार? तुमीच सांगा, जरा मशीनची मूठ पिळली का घड्याळाचा काटा सहा हजारावर, म्हणजे मिनिटाला सहा हजार फेरे, आणि होडी कशी चाललीय, तर दिवस भरलेली बाई पाण्याला चाललीय तशी! तुमाला सांगतो, एकदा नवापूरसमोर एक नारळ वाहत आला, कुणी नवसाचा सोडला असंल, तो आमच्या मागून आला, बाजूला आला, जरा वेळ सोबत चालला आणि मग हळूच पुढं निघून गेला. नारळाला काय मशीन होतं? माझी बायको हिरा, तिनं नारळाला हात जोडले. मी काट्याकडं बघत बसलो. कारण काटा खोटं बोलत नाय!

हे मी नाय बोललो हां, हे पालघरचे कृष्णकांत शेठ बोलले. हौसेखातर त्यांनी एक होडी ठेवली होती, तिची मी दोन पावसाळे राखण केली, आणि शेठची हौस फिटली तेव्हा त्यांनी खूश होऊन होडीच्या मागच्या फळीला लटकवायचं ते जुनं मशीन मला देऊन टाकलं. वर फेरे मोजायचं काट्याचं घड्याळ पण दिलं. ते घड्याळ आधी त्यांच्या दुसऱ्या, बारक्या मशीनला होतं, तिथनं काढून ह्याला लावलेलं. शेठ म्हणाले, "दामू, ही पाच हजारावर लाल रेघ आहे, ती ओलांडलीस की मशीन फुटलं म्हणून समज. माणूस खोटं बोलेल, काटा खोटं बोलत नाही." झालं! मी बापजन्मी शीड आणि वल्हं सोडून काय बघितलेलं नाय, मी ते वाक्य देव्हाऱ्यात ठेवलं. काटा लाल रेघेकडं सरकला का माझी मूठ आपोआप सैल.

आता आमी घिवलीचे. बर्फ सातपाटीत, व्यापारी सातपाटीत, म्हणजे सकाळी जाळी उपसली का म्हावरं घेऊन नवापूर, आलेवाडी, नांदगाव, मुरबे असं करत सातपाटी गाठायची. पोचायला तीन तास! तोवर पापलेट मऊ, व्यापारी गायब, आणि किनाऱ्यावर कोण उभी? माझी सासू येसूबाई. कमरेवर हात. "आलं काय जावयाचं विमान?" सगळी सातपाटी हसायची. सासूनं शेवटी सांगून टाकलं, शिमग्यापर्यंत मशीन नीट झालं नाय तर होडी मोडीत काढायची आणि दामूनं जानूच्या बोटीवर खलाशी म्हणून चढायचं. जानू म्हणजे माझा मेहुणा. वयानं माझ्याहून सात वर्षांनी लहान, आणि त्याच्या हुकमानं मी दोर ओढायचे? माझी होडी गेली म्हणजे मग माझं राहिलं काय, सांगा ना?

पण एक सांगू? हसू नका. ते तीन तास… म्हणजे थंडीची सकाळ, पाणी तेल ओतल्यासारखं गप, मशीन आपलं जात्यासारखं घुरघुरतंय, आणि हिरा टोपलीला टेकून बोलतेय. ती घर बांधायची. कुठलं घर? तसलं काय नव्हतं, नुसतं बोलायची. नवापूरच्या सुरूंसमोर जोतं घालायची, आलेवाडीला भिंती उभ्या करायची, नांदगावला खिडकी. खिडकीला निळी काच. का, तर पावसाळ्यात दर्या गढूळ झाला तरी आतनं निळाच दिसावा. मुरब्याला झोपाळा टांगून व्हायचा आणि आमी दोघं त्यावर बसेपर्यंत सातपाटी यायची. मी डोळे अर्धे मिटलेले, कुठं पाणी संपतं आणि कुठं आभाळ लागतं ते कळायचं नाय. मग किनाऱ्यावरनं हाक यायची, "आलं काय विमान?" की झोपाळा तुटला.

तर मग मारुतीला बोलावला. मारुती नगरकडचा, बेटेगावात खोली घेऊन राहायचा आणि तिकडं नव्या वीजघराचं बांधकाम चाललं होतं तिथं पंप दुरुस्त करायचा. पोहता येत नाय, बोंबील बघितला का तोंड वाकडं, पण मशीनवर माया. दर रविवारी हजर. पहिल्या रविवारी म्हणाला, काका, पंखा घसरतोय, आतलं रबर गेलंय, म्हणून मशीन नुसतंच फिरतंय आणि होडीला जोर मिळत नाही. खडूनं पंख्यावर आणि दांड्यावर मिळून एक रेघ मारली, होडी फिरवून आणली, बघतो तर रेघ जुळलेली. पंखा घसरत नव्हता. दुसऱ्या रविवारी म्हणाला, मशीन उंच बसलंय, पंखा पाण्याबरोबर हवा खातोय. माझ्या होडीची फळी दोन बोटं कापली! वाडवडिलांच्या सागाची फळी, तुमाला सांगतो, करवत माझ्या बरगडीवरनं फिरली. काटा? सहा हजार. तिसऱ्या रविवारी कार्बोरेटर उघडून घासलेटात धुतला. हिरा म्हणाली, रोग रेड्याला आणि औषध पखालीला. मी म्हटलं, गप, काटा खोटं बोलत नाय. तर म्हणते, "अवो, मशीनचा आवाज तर ऐका. सहा हजार वेळा फिरणारं असं पेंगतं काय?"

बाईमाणसाचं कोण ऐकतो? नाय ऐकलं.

शिमग्याला चार दिवस राहिले. त्या रविवारी मारुती म्हणाला, मी येतो सातपाटीपर्यंत, वाटेत कान लावून ऐकतो. बसला होडीची कड दोन्ही हातांनी धरून, डोळे मिटून, कान मशीनकडं. आलेवाडीपर्यंत ऐकलं आणि मग घोरायला लागला. तसला तो आवाज! सातपाटीला पोचलो ते तीन तासांनी, व्यापारी टोपल्या उचलत होते, जानू लांबून हसत होता, आणि सासू कमरेवरचे हात काढून सरळ पापलेट मोजायला बसली. 

आता आमच्यात पापलेट कसं मोजतात? दोन हातांत दोन घ्यायचे, टोपलीत टाकायचे आणि म्हणायचं एक. परत दोन, म्हणायचं दोन. जोडी मोजतो आमी. हे मारुतीला काय माहीत! सासू बावीसवर थांबली आणि हा नगरकर मध्येच म्हणतो, मावशी, चव्वेचाळीस झाले. सासू म्हणाली बावीस. हा म्हणतो, मी डोळ्यांनी मोजलेत, चव्वेचाळीस. अहो, सगळा बाजार थांबला! सातपाटीच्या बाईला मोजणी शिकवायची? सासू उठली, दोन्ही हातांत एकेक पापलेट, आणि त्याच्या नाकासमोर नाचवत म्हणाली, "मेल्या, दोन पडले का एक म्हणायचं. तू एक-एक शेपटी मोजत बसलास तर दुप्पटच होणार ना?"

मारुती एकदम पुढं सरकला. म्हणाला, मावशी, परत एकदा म्हणा. सासूला वाटलं पोरगं बहिरं हाय, तिनं परत सांगितलं, मोठ्यानं. तर हा माझ्याकडं वळला आणि विचारतो, काका, ह्या मशीनला प्लग किती? मी म्हटलं, दोन. "एकेक प्लग फेऱ्याला एकेक ठिणगी टाकतो, म्हणजे एका फेऱ्याला ठिणग्या दोन. आणि तुमचं घड्याळ ठिणग्या मोजतंय काका, एक-एक शेपटी मोजतंय!"

आणि धावला की! पोहता न येणारा माणूस छातीएवढ्या पाण्यातनं होडीवर चढला. घड्याळाच्या पाठीला एक रबरी टोपी होती, मला वाटायचं शोभेची असंल. ती काढली तर आत बारकी खुंटी, आणि बाजूला आकडे, एक, दोन, चार. खुंटी एकावर. म्हणजे एका प्लगवर, शेठच्या त्या बारक्या मशीनला होती तशीच! मारुतीनं खुंटी दोनावर सरकवली. म्हणजे काटा पाच हजार दाखवायचा तेव्हा खरे फेरे अडीचच हजार! काखेत कळसा, दुसरं काय! दोन वर्षं माझं मशीन अर्ध्याच्याही खाली पळत होतं आणि मी लाल रेघेला घाबरून बसलो होतो. आणि माझी फळी? फळी फुकट कापली!

दुसऱ्या दिवशी मूठ पूर्ण पिळली. काय सांगू, होडीनं नाळ, म्हणजे पुढचं टोक, वर केली आणि सव्वा तासात सातपाटी! पापलेट काठीसारखं ताठ. व्यापारी पळत आले. जानूनं पाठ फिरवली. सासूनं सगळ्यांदेखत माझ्या हातावर गूळखोबरं ठेवलं. होडी वाचली. शिमग्याला मी असा नाचलो की दोन दिवस गुडघे धरून बसलो.

फक्त एक झालं. मशीन ओरडतंय, पाणी उडतंय, हिरा पदर आवळून बसलेली. नवापूरला तिचं तोंड हललं. मी ओरडलो, काय? ती परत काहीतरी बोलली. काय? तिनं हात हलवला, काय नाय. जोतं घालायच्या आधी मुरबं आलं. जाताना तसं, येताना रिकाम्या होडीत तसंच. आठ दिवस घराला खिडकी नाय. मला वाईट वाटलं, खरं सांगतो, पण सुधारलेलं मशीन पुन्हा बिघडवतं काय कुणी?

नवव्या दिवशी सातपाटीहून परत निघालो, मूठ जरा पिळली आणि बघतो तर काटा सहा हजार!  मशीन बंद केलं. सगळीकडं गप्प, नुसती पाण्याची चुळूक चुळूक. घड्याळामागची टोपी काढली. खुंटी एकावर. खाली फळीवर केसांतला एक आकडा पडलेला.

मी हिराकडं बघितलं. ती मुरब्याच्या किनाऱ्याकडं असं बघत होती, जसं काय जन्मात पहिल्यांदा बघतेय.

"अवो," तिकडंच बघत म्हणाली, "काटा लय वर गेला वाटतं?"

काय करणार? टोपी लावली, आकडा तिच्या हातात दिला, मशीन चालू केलं आणि मूठ सैल सोडली. जाताना खुंटी दोनावर असते, येताना एकावर, कोण फिरवतं ते मी विचारत नाय. कालच खिडकीला काच बसली. जानू विचारतो, भावजी, जाता सव्वा तासात, मग यायला तीन तास कसे लागतात?

मी म्हणतो, बाबा, येताना सहा हजार दाखवतो… आणि काटा कधी खोटं बोलतो काय?