कार्टूनची धार

कानाच्या मशीनच्या दुकानात शिवणक्लासच्या बाई दाराजवळची खुर्ची धरून बसल्या होत्या. सुनेनं जरा पाठ फिरवली की सटकायचा त्यांचा बेत होता. समोरचे आजोबा आणि त्यांची नात इतक्या मोठ्यानं बोलत होते, की बाईंनाही शब्द न् शब्द कळत होता.

"वीस वर्षं चाललंय ते कार्टून. आता धार गेली त्याची."

"आजोबा, काल मी हसून हसून लोळले."

"कशाला? तो बाप नुसता पुटपुटतो. आधी बायकोला कसले टोमणे मारायचा, आणि तीही सव्याज परत करायची."

"अजूनही करते."

"मग मला कसं कळलं नाही?"

"ऐकू आलं नसेल."

"माझे कान ठणठणीत आहेत. लिहिणारे थकलेत."

दुकानातल्या मुलीनं त्यांच्या कानात मशीन बसवलं. नातीनं मोबाइलवर कालचाच भाग लावला.

"सुरुवात पडेलच आहे," आजोबा म्हणाले, आणि एकदम फिसकन हसले. मग त्यांचं पोट हलायला लागलं.

नातीनं हळूच काहीतरी विचारलं. आजोबाही हळूच काहीतरी बोलले. दोघं पुन्हा हसले.

बाई पुढे झुकल्या.

"काय म्हणाली गं ती बायको त्याला?"

नातीनं हसत हसत सांगितलं. बाईंना तिचे नुसते ओठ हललेले दिसले.

त्यांनी सुनेला कोपरानं ढोसलं.

"अगं, आपला नंबर कधी येणार?"