जळका अ‍ॅप्रन

डॉक्टरबाई : ...आणि अंदाजाने बोलायचं नाही, काका. हा नायलॉनचा दोरा मी बोटांना टेकवणार. लागला तरच ‘हो’ म्हणायचं. मिटा डोळे.

इस्त्रीवाला : मिटले. हो. हो... हो.

डॉक्टरबाई : वा! आणि आता?

इस्त्रीवाला : हो.

डॉक्टरबाई : आत्ता तर मी दोरा लावलाच नाही.

इस्त्रीवाला : नाही? मग हिच्या बांगड्या कशाला—

बायको : मला ठसका आला होता.

डॉक्टरबाई : काकू! म्हणजे मी दोरा टेकवला की तुम्ही बांगड्या वाजवताय? नवरा परीक्षेला आणि बायको कॉपी पुरवायला?

बायको : तुमचा हात हलला, मला वाटलं लावलात. मग काय करू, बाई? तुम्ही यांना गरम इस्त्रीला हात लावू नका म्हणालात, तेव्हापासून कपडे मी करते आणि हे स्टुलावर बसून शिकवतात. कॉलर टोकाकडून आत घे, बाही उलटी घाल, पाणी कमी मार. जीव नकोसा केलाय. आज पास झाले असते तर सुटले असते मी.

इस्त्रीवाला : ती थट्टा करतेय, मॅडम. आमची इस्त्री जुनी, लोखंडी, जड. हिचा खांदा रात्रभर ठणकतो. मला कळू नये म्हणून भिंतीकडे तोंड करून झोपते.

बायको : एकदा झोप लागली की तोंड कुठेही असलं तरी मला चालतं.

डॉक्टरबाई : काकू, इकडे बघा. जे बोट मुकं आहे ते तुम्ही पास करून घेतलंत, तर ते पुन्हा भाजेल. दुखणार नाही, म्हणून कोणी बघणार नाही. मग चिघळेल. या रोगात बोटं आपोआप झडत नाहीत हो, ती अशी वाया जातात.

बायको : चुकलं माझं. खरंच चुकलं. घ्या, हात पदरात गुंडाळले.

इस्त्रीवाला : हिला रागावू नका, मॅडम. या करंगळीनेच सगळं केलं. ओली करंगळी इस्त्रीला टेकवायची, चटक्यावरून कळायचं सुती कपडा घ्यावा की रेशमी. सगळी हयात गेली, कोणाचा रुमाल जळला नाही. आणि जळला तो तुमचा अ‍ॅप्रन! पाठीवर अख्खी इस्त्री उमटली.

डॉक्टरबाई : मीही काय तावातावाने आले होते तुमच्या दुकानात! तुम्ही हात जोडलेत, तेव्हा करंगळीवरचा फोड दिसला. दुखतो का विचारलं, तर म्हणालात, कुठला फोड?

बायको : आणि तुम्ही भांडण अर्धवट टाकून यांचं कोपर चाचपायला लागलात. मला वाटलं, बाईंचं डोकं फिरलं.

डॉक्टरबाई : कोपरामागची नस दोरीसारखी जाड लागली हाताला. आणि दंडावर तो फिकट चट्टा.

बायको : तो मी कधीचा बघत होते. इस्त्री करताना अंगभर घामाच्या धारा आणि तेवढीच जागा कोरडी ठणठणीत. मी म्हणायचे, निदान एक जागा तरी यांची आरामात आहे.

डॉक्टरबाई : तिथला घामच बंद पडला होता. तिथल्याच कातडीचा मसुराएवढा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघितला, तर नसेला रोगाशी लढणाऱ्या पेशींनी वेढा घातलेला. कानाच्या पाळीतून घेतलेल्या नमुन्यात मात्र जंतू सापडले नाहीत. चट्टाही एकच. म्हणजे रोग फार पसरला नव्हता, म्हणून सहा महिन्यांच्या औषधांवर भागलं.

इस्त्रीवाला : तुम्ही कुष्ठरोग म्हणालात आणि ते गल्लीभर झालं. दुकानाच्या वरच्या मजल्यावरच्या बाई आपलं इस्त्रीच्या कपड्यांचं गाठोडं न सोडता परत घेऊन गेल्या. आणि त्या संध्याकाळी ही माझ्याच ताटात जेवायला बसली.

बायको : भूक लागली होती मला.

इस्त्रीवाला : बघा, ही अशी आहे.

डॉक्टरबाई : बघतेय. चला, पुन्हा डोळे मिटा. काकू, श्वाससुद्धा हळू.

इस्त्रीवाला : हो... हो... हो.

(डॉक्टरबाईंचा हात पुढच्या बोटाकडे सरकतो.)

इस्त्रीवाला : लावलात का, मॅडम?

डॉक्टरबाई : लावला. करंगळीला. दोन-तीनदा.

इस्त्रीवाला : मग नाहीच.

बायको : अहो, असू दे. मी आहे ना.

डॉक्टरबाई : थांबा, एवढ्यात तोंडं पाडू नका. करंगळीच्या शेजारचं बोट मागच्या वेळी अर्धं मुकं होतं. आज ते सगळीकडे बोललं. आता हा कागद दोन बोटांमध्ये घट्ट धरा. मी ओढते... अहो, सोडा! फाटेल!

बायको : मागच्या महिन्यात तर नुसत्या वाऱ्याने सुटायचा.

डॉक्टरबाई : ताकद परत आलीय. करंगळीला वेळ लागेल, कदाचित ती अशीच राहील. ते मी लपवणार नाही. पण हा हात काम करणारा हात आहे. इस्त्रीच्या मुठीला जाड फडकं गुंडाळायचं, आणि रोज संध्याकाळी उजेडात दोन्ही हात नीट बघायचे. करंगळी इस्त्रीला लावायची नाही.

बायको : ते मी करते. बोट माझं, हात यांचा.

डॉक्टरबाई : बोट कोणाचंच नको! पाण्याचे थेंब शिंपडा.

इस्त्रीवाला : म्हणजे... मी इस्त्री धरू?

डॉक्टरबाई : धरा.

इस्त्रीवाला : मॅडम, तुम्ही तेव्हा भांडायला आला नसतात, दुसरीकडे कपडे टाकून मोकळ्या झाला असतात, तर या हाताची आज मूठ वळली नसती. तुमचे उपकार कसे फेडू?

डॉक्टरबाई : माझ्या अ‍ॅप्रनची फक्त पाठ जळली, काका. हे बघा, वळते. अंगात अजून तोच आहे. नव्या शिकाऊ डॉक्टरांना मी आधी हा डाग दाखवते, मग पुस्तक उघडायला सांगते.

बायको : अगंबाई! तसाच घालून फिरता?

डॉक्टरबाई : दुसरा आहे की. हा घ्या, धुतलेला आहे. उद्या सकाळपर्यंत द्याल?

इस्त्रीवाला : माझ्याकडे देताय?

डॉक्टरबाई : मग कोणाकडे देऊ?

बायको : द्या इकडे. अहो, सोडा ना तो. रडताय काय असा छातीशी धरून? चुरगळेल सगळा.

इस्त्रीवाला : चुरगळू दे. इस्त्री मीच करणार आहे.