तोंडी परीक्षेतलं मीठ

रसायनशास्त्राच्या तोंडी परीक्षेसाठी आम्ही बाहेर ताटकळत होतो. शेजारच्या बाकावर मिठागरात काम करणारी एक आई लेकीची उजळणी घेत होती.

“म्हण पुन्हा. मीठ कसं होतं?”

“सोडियम एक इलेक्ट्रॉन देतो, क्लोरीन तो घेतो. देणाऱ्याचं ऑक्सिडीकरण, घेणाऱ्याचं क्षपण.”

“स्वभावाने कसे गं दोघं?”

“सोडियम पाण्यात पडला तरी पेट घेतो.”

“तुझा बाप.”

“क्लोरीन विषारी. नुसता जवळ आला तरी घसा जळतो.”

“तुझी आत्या. आणि आमच्या मिठागरात कोण कुणाला देतं?”

“तिथे कुणीच नाही, आई. मीठ समुद्रात आधीपासूनच असतं. ऊन पाणी उडवतं, तुम्ही उरलेलं ओढता.”

“उरलेलं? ओढून ओढून कंबरडं मोडलं माझं, आणि म्हणे उरलेलं!”

“म्हणून काय शास्त्र बदलू?”

“नको बदलूस. पण सरांनी विचारलं, मीठ कसं बनवतात, तर?”

“विचारेन, प्रयोगशाळेतलं सांगू की आईचं?”

“फरक काय, म्हणाले तर?”

“मीठ तेच, सर. एकाला इलेक्ट्रॉन लागतो, दुसऱ्याला कंबर.”