शेवटचा हात

धाकटा : हात मागे. ताई, हात मागे घे म्हणतो ना!

ताई : अरे, नुसती धूळ पुसत होते.

धाकटा : स्क्रू ड्रायव्हरने?

ताई : हाताशी होता म्हणून.

धाकटा : आणि फरशीवर ही पिवळी पट्टी कशासाठी चिकटवलीय मी? शोभेला?

ताई : मला वाटलं, कुणी घसरू नये म्हणून.

धाकटा : काल आपलं काय ठरलं? तुझ्या हाताशिवाय दुकान चालतं का ते बघायला तीन दिवस तू पट्टीच्या अलीकडे, काउंटरवर बसायचं. गिऱ्हाइकांशी बोलायचं, दुरुस्तीला आलेली शिलाई मशिनं नोंदवून घ्यायची, पण एकाही मशीनला बोट लावायचं नाही. तूच ‘बरं’ म्हणालीस. आता वाजले किती?

ताई : अकरा.

धाकटा : अकरा! पहिल्याच दिवशी अकराच्या आत चार मशिनं. ये रे माझ्या मागल्या! वकीलसाहेब, तुम्ही तरी अडवायचं हिला.

वकील : अडवलं.

धाकटा : काय म्हणून अडवलंत?

वकील : “ताई.”

ताई : तेवढंच म्हणाले. मला वाटलं, हाक मारतायत. एकोणीस वर्षांत या माणसाने एका वेळी तिनाच्या वर शब्द खर्च केलेले नाहीत. सगळी गल्ली उगाच का वकील म्हणते त्यांना?

धाकटा : विषय बदलू नकोस. हे सात नंबरचं मशीन वकिलांनी उघडलं, साफ केलं, जोडलं, चालवून बघितलं. कार्डावर पाचही ओळींवर त्यांची खूण आहे. मग तू त्यात काय केलंस?

ताई : शेवटचा हात दिला.

धाकटा : म्हणजे नक्की काय?

ताई : चाकावर दोन बोटं ठेवली, फिरवलं, जरा घट्ट वाटलं म्हणून ताणाचा स्क्रू अर्धा आटा सैल केला. बस.

धाकटा : “वाटलं.” हे कार्डावर कुठल्या ओळीत लिहू मी?

ताई : कार्डं, कार्डं! मशिनाच्या गळ्यात कार्ड, कपाटाच्या दाराला कार्ड. उद्या मला बांधशील एक. नऊ वर्षं दुसऱ्याच्या गोदामात कागद भरलेस, आता तीन महिने झाले, आमच्या डोक्यावर मिरे वाटतोयस.

धाकटा : बरं आठवलं. स्क्रूंच्या डब्यांवर मी नावं चिकटवली होती. ती कुणी काढली?

ताई : चुकीची होती.

धाकटा : एकही चुकीचं नव्हतं!

ताई : मग डब्यात ठेवलेलं चुकीचं असेल. सुया निळ्या डब्यात, बारीक स्क्रू पत्र्याच्या लांबट डब्यात, आणि जुन्या काळ्या मशिनांचे ते चॉकलेटच्या डब्यात. बाबांच्या वेळेपासून असंच आहे. मला माहीत आहे, वकिलांना माहीत आहे. डब्यांना कळून काय करायचंय?

धाकटा : आणि नवीन माणूस आला तर?

ताई : मला विचारेल.

धाकटा : तू नसलीस तर?

ताई : मी कुठे जाते?

धाकटा : सोमवारी दवाखान्यात!

ताई : हळू बोल. रस्त्यावर ऐकू जातंय.

धाकटा : जाऊ दे. गिऱ्हाइकांनाही कळू दे. उजव्या मनगटात नस दाबली गेलीय, ऑपरेशन करायचंय, सहा आठवडे हात वापरायचा नाही. तारीख दोनदा मिळाली, दोनदा तू पुढे ढकललीस. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या शेवटी? सांग वकिलांना.

ताई : त्यांना कशाला?

धाकटा : मग मी सांगतो. म्हणाल्या, आता आणखी थांबलात तर बोटांची संवेदना परत येईल याची खात्री मी देणार नाही.

ताई : डॉक्टर घाबरवतातच. थोड्या मुंग्या येतात, एवढंच. सकाळी हात झटकला की जातात.

धाकटा : परवा तुझ्या हातून कप पडला.

ताई : ओला होता.

धाकटा : त्याच्या आधी किल्ल्या.

ताई : त्याही ओल्या होत्या समज! अरे, सहा आठवडे दुकान कोण बघणार? गणवेश शिवणाऱ्या बाईंची बारा मशिनं या महिन्यात यायचीत. त्यांचं एक मशीन बिघडलं की चार बायका दिवसभर रिकाम्या बसतात. बावीस वर्षं झाली, माझा हात फिरून पावतीवर माझी सही झाल्याशिवाय एकही मशीन या दारातून बाहेर गेलेलं नाही. आणि गेलेलं एकही तक्रार घेऊन परत आलेलं नाही. एकही! तुझ्या कार्डांनी जमेल हे?

धाकटा : तेच बोलायचं होतं मला. नको नको म्हणत होतो, पण आता बोलतोच. गेल्या शनिवारी तू संध्याकाळी नऊ मशिनांना शेवटचा हात दिलास आणि घरी गेलीस. वकीलही गेले. मी मागे थांबलो.

ताई : कशाला?

धाकटा : कार्डावर लिहायला. तुझा तो शेवटचा हात म्हणजे नेमकं माप काय, ते काढायचं होतं. बाबांची रीत आठवते तुला? खालच्या धाग्याची ती बॉबीन केस धाग्याला धरून लटकवायची. हलका झटका दिला की चार बोटं खाली यावी आणि थांबावी. थांबली की धाग्याचा ताण बरोबर. घसरत जमिनीपर्यंत गेली की सैल.

ताई : ती रीत मीच शिकवली तुला. शिकाऊ माणसांची रीत ती. मला चाकावर कळतं.

धाकटा : नवापैकी सात घसरल्या.

ताई : काय?

धाकटा : सात. मी दोन-दोनदा लटकवून बघितल्या. वहीत लिहून ठेवलंय, बघ.

ताई : तुझं काहीतरी चुकलं असेल. तुला धागा नीट धरता येत नाही, लहानपणापासून.

धाकटा : मलाही तेच वाटलं. रविवारभर डोकं खाल्लं माझं. सोमवारी नऊला आलो, मशिनं जायच्या आधी नऊच्या नऊ पुन्हा तपासली. सगळी बरोबर. एकूण एक.

ताई : मग? झालं तर! बावीस वर्षांत एकही मशीन परत आलेलं नाही म्हटलं ना मी? तुझं शनिवारचं मोजणं चुकलं. उगाच जीव घाबरवलास माझा.

धाकटा : ताई, दुकान सकाळी कोण उघडतं?

ताई : वकील. साडेसातला येतात. घरी करमत नाही त्यांना.

धाकटा : वकीलसाहेब, घरी करमत नाही तुम्हाला?

वकील : करमतं.

ताई : मग दीड तास आधी येऊन काय करता तुम्ही?

धाकटा : थांब. त्याआधी एक कर. हे सात नंबरचं मशीन, वकिलांनी बरोबर म्हणून सोडलेलं, तू आता सैल केलेलं. त्याची केस काढलीय मी. घे. लटकव.

ताई : मला नको शिकवू.

धाकटा : शिकवत नाही. फक्त लटकव.

ताई : दे इकडे. हे बघ, असा धागा धरायचा, असा झटका—

(बॉबीन केस फरशीवर पडून घरंगळत पिवळ्या पट्टीपाशी थांबते.)

धाकटा : घसरली.

ताई : नाही. घसरली नाही. सुटली.

धाकटा : म्हणजे?

ताई : धागा सुटला माझ्या हातातून. मला वाटत होतं, धरलाय. अजूनही वाटतंय, चिमटीत आहे म्हणून. बघ, चिमूट मिटलेलीच आहे.

धाकटा : ताई...

ताई : तू गप्प बस जरा. वकील, इकडे बघा. सकाळी काय करता तुम्ही?

वकील : मशिनं.

ताई : कुठली मशिनं?

वकील : तुमची. सही झालेली.

ताई : माझी सही झालेली मशिनं उघडता? मी हात दिल्यावर?

वकील : हो.

ताई : कधीपासून?

वकील : दहा महिने झाले.

ताई : दहा महिने! आणि मी या पोराला छाती ठोकून सांगतेय, एकही मशीन परत आलं नाही. लाज नाही वाटली तुम्हाला? तोंड शिवलं होतं का? दहा महिन्यांत एकदा तरी म्हणावं, बाई, तुझा हात चुकतोय!

वकील : नियम होता.

ताई : कसला नियम? या दुकानात कधी नियम होते? हा आल्यापासून आलेत नियम.

वकील : एक होता. मी आलो त्या दिवशी तुम्ही सांगितलात. ‘माझी सही झाली की त्यावर बोलायचं नाही.’

धाकटा : अरे देवा.

ताई : मी असं म्हणाले होते?

वकील : दोनदा.

ताई : तेव्हा तुम्ही पोरसवदा होतात. पहिल्याच दिवशी माझ्या कामात खोट काढायला निघाला होतात, म्हणून म्हटलं असेल. ते काय जन्मभर पाळायचं?

वकील : बोललो नाही. केलं.

ताई : ऐकलंस? मी यांचं सगळं काम पुन्हा तपासायची, आणि हे माझं. बावीस वर्षं दुकान माझ्या हातावर चाललंय म्हणत होते मी. आणि दहा महिने ते भलत्याच हातावर चाललंय. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

धाकटा : मी चिडवायला नव्हतं काढलं, ताई. कार्डावर लिहायला बसलो आणि हे निघालं.

ताई : माहितेय. रडत नाहीये मी. भीती वाटते मला, बस. हात उघडून पुन्हा शिवला आणि तरी काहीच कळेना बोटांना, तर मी कोण मग? काउंटरवर बसणारी बाई?

धाकटा : आत्ताही कळत नाहीये, ताई. फक्त वकील कळू देत नव्हते.

ताई : बोलायला चांगला शिकलास गोदामात.

धाकटा : ऐक ना. कार्डाची शेवटची, सहावी ओळ मी कोरी ठेवलीय. वकीलसाहेब, सकाळी काय काय बघता, ते सांगा. मी लिहितो. सावकाश सांगा, शब्द उसने हवे असतील तर मी देतो.

वकील : केस लटकवतो.

धाकटा : हं.

वकील : मग जाड कापड, दुहेरी. वीतभर शिवण. मग पातळ कापड. मागून टाका बघतो, पुढून नाही. पुढून सगळंच छान दिसतं.

धाकटा : अबब! पुढे?

वकील : पाच मिनिटं चालवून थांबतो. तेल गळतं का बघतो. झालं.

ताई : सुई बदलता का?

वकील : नवी घालतो.

ताई : जुनी कुठे टाकता?

वकील : निळ्या डब्यात.

ताई : तरीच माझ्या निळ्या डब्यात बोथट सुया निघतात! धाकट्या, लिही, जुन्या सुयांना वेगळा डबा. आणि त्यावर नाव चिकटव. मोठ्या अक्षरात.

धाकटा : काढणार नाहीस ना?

ताई : नाही काढत. आणि फोन लाव त्या डॉक्टरीणबाईंना. सोमवारी येते म्हणावं. मी मध्येच तुझ्या हातातून फोन ओढला तरी देऊ नकोस.

धाकटा : लावतो. आत्ता लावतो. आधी पट्टीच्या अलीकडे हो.

ताई : झाले. वकील, तो नियम आजपासून खोडला. माझी सही असली तरी बोलायचं. ओरडलात तरी चालेल.

वकील : बरं.

ताई : आणि तुमच्यामागे मी आता कुठल्याही मशीनला हात लावणार नाही.

धाकटा : सहा आठवडेच नाही, कायमचा! हेच तर मी तीन महिने—

वकील : लावा.

ताई : काय?

वकील : हात बरा झाला की लावा. माझंही कुणीतरी बघायला हवं.