दुसरी खूण

हॅलो?… हॅलो, कोण?… अपेक्षा?… थांब गो, घरात आवाज तुटता, विहिरीकडे येतंय… हां, बोल आता.

बरी आसंय. बरी म्हणूची आपली… सुदेश सरांनी सक्तीची रजा दिल्यानी मा, "घरी जाऊन आराम करा" म्हणान. कोण कोणाक आराम देता, ता माका कळता.

आये?… पडवीत बांगडे साफ करता… हड्, हड्!… नाय गो, तुका नाय, मांजराक.

होय, बाबांच्या डोळ्याचा ऑपरेशन झाला. आता सगळा लख्ख दिसता म्हणतत. काल माजा तोंड बघून म्हणाले, "संचिता, सुकलंस गो."

हो, हो… अगो ऐक ना. तू फोन कशाक केलंस ता सांग. इतक्या दिवसात एक मेसेज नाय, आनि आज बाबांचो डोळो आठावलो तुका?

…टिटवीचा काय झाला? आमच्या यानाचा?

आज इंजिनाचो धक्को देतले? आजच?… अगो, शिलाई मशीनीएवढा यान ता, लघुग्रहाजवळ नेवचा, आनि टाकीत इंधन एकाच मोठ्या धक्क्याचा. चुकीच्या बाजूक बसलो तर संपला. मगे कोण वळवतलो तिका?

अंतर मोजलेला आसा म्हणतंस?… होय, मोजलात. हंयसून हाक मारलात, तिना परत ओ दिल्यान, जावन-येवन किती वेळ लागलो तेच्यावरसून लांबी काढलात. ता मीच तुका शिकवलंय, माकाच परत सांगू नको. लांबी कळली म्हणान जागा कळता काय?

ऐक. बाबा होडी घेवन जायत तेवा देवळाचो कळस आनि पाठचो डोंगर एका रेषेत इलो, की एक खूण झाली. तेवढ्यावर कोण जाळा टाकी नाय. बाजूची दुसरी खूण लागता, खाडीच्या तोंडावरचो खडक. आमची दुसरी खूण म्हणजे ती समुद्रापलीकडची अँटेनाची डिश. हंयची आनि थंयची, दोनी डिशींनी एका वेळी आयकला, तरच टिटवी बाजूक किती सरकली ता कळता.

माका म्हायत आसा, मोठी डिश आमका मागान गावणा नाय. मोठ्या यानांचा जेवान झाला की उरलेले तास आमच्या पानात. पन एकदा गावलेल्यो मा दोनी?… आनि त्या दिवशी सुदेश सरांनी काय केल्यानी?

बोल ना.

चित्र मागवल्यानी. पाहुणे जमलेले, शाली आणलेल्यो, मोठो पडदो लावलेलो. टिटवीचो आवाज तो केवडो… ती एकतर चित्र धाडतली, नायतर ओ देतली. मी उभी रवान सांगलंय, आज मोजून घेवया, चित्र उद्या दाखवा. "संचिता, तुम्हाला प्रसंगाचं भान नाही." सगळ्यांसमोर. तू खंय बघत होतंस तेवा?… जमनीकडे. सर बोलले तेचा माका काय नाय. तू गप रवलंस, तेचा वायट वाटला.

नाय, रडणंय नाय. राग इलो की माज्या नाकाक पाणी येता.

अगो, पुढच्या आठवड्यात दोनी डिशी परत गावतत. तवसर थांबा. इंधन जरा जास्त जातला, पन धक्को बरोबर बाजूक बसतलो… थांबूक येणा नाय? कशाक?… बातमी आधीच दिल्यानी? झाला मगे. कोंबडी धरूच्या आधीच मसालो वाटून ठेवल्यानी.

मगे माका कशाक विचारतंस? मी रजेवर आसंय.

…माजो होकार. होय, नियमात आसा ता. मार्ग बघणाऱ्याचो होकार नसताना धक्को देवक येणा नाय. तो नियम मीच भांडून घालूक लावलंय.

नाय.

नाय म्हटलंय मा, अपेक्षा. किती वेळा विचारतंस?… नोकरी जातली? कोणाची, तुजी?… असा कोण म्हणाला?… अगो, रडू नको… ऐक… तुका नांदगावच्या स्टेशनावर गाडयेत बसवन मीच नेलंय. तुजी आवस माजो हात धरून म्हणाली, हिका सांभाळ. ता काय मी विसरलंय?… बरा. बरा गो, डोळे पूस आधी. करा तुमका काय करूचा ता. माका कंटाळो इलो ह्या सगळ्याचो. करा.

…

अपेक्षा.

तो खोकलो कोणाचो?

फोन स्पीकरवर आसा?… कधीपासून?

…

नमस्कार सर. हो, संचिताच बोलतेय.

नाही सर, तो होकार नव्हता. मी मैत्रिणीशी बोलत होते. ती रडत होती… रेकॉर्ड होतंय? बरं झालं, मग हेही होऊ दे. बाजूचं मोजमाप झालेलं नाही, म्हणून माझी संमती नाही. संमती नाही, सर.

…काय? आज्ञा पाठवली?

मी "करा" म्हटलं, आणि लगेच बटण दाबलंत?

म्हणजे आत्ता ती वाटेत आहे… नाही, कळतंय मला. रद्द करायची आज्ञा आता धाडली, तरी ती मागेच राहणार. पहिली आधी पोचणार… हो, लघुग्रह दिसलाच तर तुमचं नाव, नाही दिसला तर माझा होकार. छान बसवलंत सगळं.

नाही सर, मला आणखी काही म्हणायचं नाही. अपेक्षाला बोलू द्या… स्पीकर राहू दे, हरकत नाही.

अपेक्षा, बाबांचा डोळा बरा आहे. तू विचारलं होतंस, त्यांना सांगते… नको, काही समजावू नकोस. तुला सगळं ठाऊक होतं आणि तू माझ्याकडून ते वदवून घेतलंस. यापुढे काही काम निघालं, तर माझ्याशी असंच बोलायचं, ऑफिसात बोलतात तसं.

आणि मला "गो" म्हणू नकोस.

ठेवते.